हौदाचा तळ

"मालक, बाई हितं लई येळ उभ्या ऱ्हायच्या का?"

ग्यानोबानं हौदाच्या तळातून मान वर करून काठावर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या वीरण्णाला विचारलं. ग्यानोबा उमरीकडचा. नांदेड जिल्ह्यातल्या शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. आता नांदेड-लातुरात कुणाच्या घरी पोहायचा हौद असला तर त्याचं आतलं निळं अस्तर बदलायलाही त्यालाच बोलावणं जायचं. सकाळी सातला तो आला आणि आल्या आल्या जुन्या अस्तरावर अंगठा दाबून म्हणाला, "गेलं हे." भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला आणि अंगठा आरपार गेला. मग त्यानं ते सगळं चाकूनं पट्ट्या-पट्ट्यांनी कापलं, वळकट्या करून वर दिल्या, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच हौदाचा तळ उघडा पडला. खाली बारीक वाळूचा थर होता. पत्र्याच्या छताखाली असल्यानं तिच्यात अजून ओल होती आणि थापून बसवल्यासारखी ती घट्ट झाली होती. त्या वाळूत लांबट भिंतीच्या कडेनं एक वाट पडली होती. उसाच्या फडातून पाऊलवाट जावी तशी अरुंद, जाऊन-येऊन मळलेली. ही वाट वीरण्णाच्या बायकोच्या, गौरम्माच्या पायांची होती, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

"चालायची ती," वीरण्णा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाण्यात चाल म्हणून."

"ते दिसून राहिलं की. ही वाट चालण्याचीच हाय. पर ही खळी बगा." ग्यानोबानं थापीच्या टोकानं खोल बाजूचा कोपरा दाखवला. तिथं वाळूत वीतभर रुंदीचा, उखळासारखा गोल खड्डा होता. "ही चालून पडत न्हाई. हितं मानूस थांबलं तर पडंल. रोज थांबलं तर."

वीरण्णानं कप कट्ट्यावर ठेवला. त्या कोपऱ्यात पाणी गौरम्माच्या हनुवटीला लागायचं. बसवराजनं, त्यांच्या मुलानं, हौद बांधून घेतला तेव्हा हे मुद्दाम सांगितलं होतं. 'आईला म्हणावं, या टोकाला दांडी सोडायची नाही.' लांबट भिंतीला त्या कोपऱ्यापर्यंत तेवढ्यासाठी स्टीलची दांडी बसवली होती. ती तिथंच होती, पुसल्यासारखी चकचकीत. इतकी चकचकीत कशानं झाली, हेही वीरण्णाला त्या क्षणी नव्यानं दिसलं. आठ वर्षं हा हौद घराच्या मागं होता. त्यातली सात वर्षं गौरम्मा सकाळी दहाला उतरायची आणि अकराला वर यायची. सात वर्षं त्या वेळी वीरण्णा लातूरच्या गोल बाजारात, गंजगोलाईतल्या आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडत असायचा. बायको पाण्यात चालते, एवढं त्याला माहीत होतं. कशी चालते, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. बाईमाणूस पाण्यात असताना आपण तिथं कशाला जायचं, असं त्याला वाटायचं. निदान तो स्वतःला तसं सांगत आला होता.

"आता मी ही सगळी वाळू उपसून चाळतो, पानी मारतो अन् रंध्यानं एकसारखी करतो," ग्यानोबा म्हणाला. "खाली खळी ऱ्हायली तर नवा कागद तिथं ताणतो अन् फाटतो."

"थांब जरा," वीरण्णा म्हणाला. "आधी जेवून घे."

"मालक, आता कुठं साडेदहा वाजून राहिले."

"मग चहा घे अजून. पण त्याला हात लावू नको."

ग्यानोबानं त्याच्याकडं पाहिलं, थापी ठेवली आणि कुदळ-फावडी सावलीला लावून तो फाटकाबाहेर तंबाखू मळायला गेला. वीरण्णानं धोतर खोचलं आणि लोखंडी शिडीवरून तो हौदात उतरला. कोरड्या हौदात उतरलेला माणूस स्वतःलाच चोरासारखा वाटतो. बाहेरच्या रिक्षांचा आवाज मावळून गेला आणि आपल्याच श्वासाचा आवाज पत्र्यांवर आपटून परत येऊ लागला. तो वाटेच्या कडेला उकिडवा बसला. पावलं एकात एक मिसळली होती, तरी कडेला काही सुटी उमटली होती. उजवं पाऊल सरळ. डावं बाहेर वळलेलं, टाचेपेक्षा चवड्यावर जास्त दाबलेलं. साठ वर्षांच्या आयुष्यात कापडाचा पोत अंगठ्याच्या पेरानं ओळखत आलेल्या या माणसानं तोच अंगठा त्या डाव्या पावलाच्या कडेवरून फिरवला. म्हणजे तिचा डावा पाय इतका दुखत होता तर. ती तर नेहमी गुडघे म्हणायची. दोन्ही म्हणायची. कुठला जास्त, हे त्यानं कधी विचारलं होतं का?

गौरम्मा कानडी मुलखातल्या भालकीची. लग्न होऊन आली ते वर्ष ब्याऐंशीचं. उन्हाळ्यात लग्न झालं आणि पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, साहेब लोक येणार, त्यांच्या बायकांना लुगडी लागणार, असा हिशेब मांडून वीरण्णाच्या वडिलांनी त्याला लातूरजवळच्या मुरुडच्या दुकानातून उचलून लातुरात बसवलं. ज्या दिवशी जिल्हा झाला त्या रात्री गोलाईवर रोषणाई होती आणि तो नव्या नवरीला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून ती दाखवायला घेऊन गेला होता. वीस वर्षांची गौरम्मा गर्दीत दांडीवरून उडी मारून उतरली आणि दिव्यांकडं बघत तिथल्या तिथं एका टाचेवर गिरकी घेऊन म्हणाली होती, "रीऽ, सगळ्या बाजूंनी सारखंच दिसतंय की हे!" भालकीकडं बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात, 'रीऽ' म्हणून. ती हाक ऐकून शेजारचा पेपरवाला हसला होता आणि वीरण्णाला लाज वाटली होती. चांगली, ऊब असलेली लाज. पुढं दुकान जमलं, बसवराज झाला, घर झालं, आणि पंचेचाळिशीच्या आसपास गौरम्माच्या सांध्यांत आग शिरली. आधी बोटं, मग गुडघे, मग घोटे. ती बोटं मिटायची ती उघडेनात आणि उघडलेली मिटेनात. हैदराबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पाण्यात चालायला सांगितलं. हैदराबादेतच नोकरी करणाऱ्या बसवराजनं दोन ट्रकांतून पत्रे, पाइप, मोटार आणि ते निळं अस्तर पाठवलं. गल्लीतले लोक बघायला आले. लातुरात तेव्हाही नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं. हौद भरला तो घरच्या बोअरवर, पण वीरण्णा बरेच दिवस लोकांच्या नजरेला नजर देत नव्हता.

तो वाटेच्या कडेकडेनं, पावलं मोडणार नाहीत असा चालत खोल कोपऱ्यापाशी गेला. गोल खड्डा जवळून अधिकच खोल वाटत होता. त्याच्या कडा गुळगुळीत होत्या. नुसतं उभं राहून असं होईल? होईलही. रोज, बराच वेळ, एकाच जागी. मोटारीच्या नळापाशी नाही, शिडीपाशी नाही, उन्हाची तिरीप येते तिथंही नाही. जिथं पाणी हनुवटीला लागतं तिथं. इथं उभं राहून तिला काय दिसायचं? त्यानं मान वर केली. समोर भिंत, वर पत्रा. काहीच नाही. ज्याला काहीच बघायचं नाही त्यानं उभं राहावं अशी ती जागा होती. आणि तेवढ्यात, कुणी हाक न मारता, एक सकाळ त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पाच वर्षांपूर्वीची असेल. चष्मा घरी विसरला म्हणून तो अवेळी परतला होता. गौरम्मा मागच्या दारातून आत येत होती. केस मुळापासून निथळत होते. कपाळावर, गालावर चिकटले होते. ती कधी डोकं भिजवत नसे, केस वाळायला दिवस लागतो म्हणून. डोळे लाल होते. "काय झालं?" त्यानं विचारलं होतं. "पाण्यातलं औषध गेलं डोळ्यात," ती म्हणाली होती. आणि त्यानं काय केलं? त्यानं चष्मा शोधला, तो देवघराच्या फळीवर सापडला, आणि तो दुकानात परत गेला. त्या दुपारी हदगावची एक मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला येणार होती.

वीरण्णा वाळूत बसला. गळ्यातल्या चांदीच्या करडगीवर, आतल्या लिंगावर, त्याचा हात आपोआप गेला. म्हणजे तेव्हाच का? केस मुळापासून भिजले, म्हणजे डोकं पाण्याखाली गेलं. डोकं पाण्याखाली का जातं? त्याला पुढचं वाक्य मनातसुद्धा पुरं करवेना. त्याचं मन मग दुसरीकडं धावलं, दुष्काळाच्या वर्षाकडं, आणि तिथंही त्याला तेच दिसू लागलं. मागच्या वर्षी, सोळा साली, माघात बोअर आटला. गल्लीत टँकर पंधरा दिवसांनी यायचा. तेव्हा गौरम्मानंच सांगितलं होतं, 'हौद उघडा करा. भांडी धुवायला, संडासाला तरी होईल.' दिवसभर मागच्या फाटकातून घागरी, बादल्या, डबे घेऊन बाया येत. ती काठावर खुर्ची टाकून बसायची आणि निळ्या भिंतीवर पाण्याची रेघ खाली खाली जाताना बघायची. तिचा चेहरा तेव्हा शांत होता. फार शांत होता, असं त्याला आता वाटलं. चैत्रात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळं लातूर स्टेशनाकडं धावलं होतं आणि हिचा हौद तोवर कोरडा ठणठणीत झाला होता. तिनं ते पाणी लोकांसाठी दिलं, की या कोपऱ्यातून एकदाची सुटका व्हावी म्हणून? त्यानंतर पाऊस झाला, भरपूर झाला, बोअरला पाणी आलं, तरी तिनं एकदाही 'हौद भरा' म्हटलं नाही. आणि त्यानंही भरला नाही. लोक काय म्हणतील, एवढी वणवण झाली आणि यांना पोहायचं सुचतंय, असंच तो म्हणत राहिला. वर्षभरात तिचं चालणं दोन खोल्यांपुरतं उरलं. संक्रांतीला ती देवघराची एक पायरी चढताना मध्येच थांबली, चौकट धरून तशीच उभी राहिली, आणि वळून त्याच्याकडं बघून हसली. ते हसू बघवलं नाही म्हणून त्यानं त्याच दिवशी ग्यानोबाला फोन लावला होता.

दुपारी ग्यानोबा ओसरीवर जेवायला बसला. शेजारच्या शांतम्मानं थापून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरण. गौरम्मा खुर्चीतूनच वाढत होती. ताट दोन्ही तळव्यांत धरून, बोटं न लावता. ग्यानोबा बोलका होता. तो शेततळ्यांच्या गोष्टी सांगत राहिला. कुठं हरणाच्या खुरांनी कागद फाटला, कुठं खेकड्यांनी. मग म्हणाला, "पर बाई, शेततळं म्हंजे वंगाळ काम. त्या कागदावर शेवाळ धरतं. पडलेलं मानूस वर चढतच न्हाई, घसरून राहतं. म्हून मी चारी कोपऱ्याला दोरी बांधल्याबिगर काम सोडत न्हाई. कुनी पाय घसरून पडतं, कुनी…" त्यानं वरणात भाकरी कुस्करली. "कुनाला धरायला तरी असावं काही."

"हाव," गौरम्मा म्हणाली. "धरायला असावं."

वीरण्णानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. ती सहज बोलली होती, वरणाची वाटी पुढं सरकवता सरकवता. पस्तीस वर्षं या बाईच्या शेजारी झोपलो, उठलो. तिच्या लुगड्याचा रंग मी निवडला, तिची औषधं मी आणली. पण ती सकाळी दहा ते अकरा कुठं होती, हे मला ठाऊक नाही. ग्यानोबा हात धुवायला गेला. वीरण्णा उठला, पुन्हा बसला.

"गौरा," तो म्हणाला. "त्या खोल कोपऱ्यात तू काय करायचीस?"

गौरम्मानं पदरानं तळवे पुसले. मग तिचे कान लाल झाले, आणि ती चक्क लाजली. पंचावन्न वर्षांची, केस पिकलेली बाई, नव्या नवरीसारखी.

"कुणी सांगितलं?"

"वाळूत खड्डा पडलाय. गोल. मला खरं सांग. त्या दिवशी, मी चष्म्याला आलो होतो, तुझे केस ओले होते…"

लाजणं तिच्या चेहऱ्यावरून उतरलं. तो इतकी वर्षं ही गोष्ट मनात धरून होता की आज सापडली, हे ती चाचपत असावी. मग तिनं आवाज खाली आणला.

"त्या दिवशी सकाळी वेणी घालता येईना. बोटंच वळंनात. तासभर बसले होते आरशापुढं. तुम्ही हाक मारली, येतो म्हणून, अन् गेलात. मी कंगवा टाकला अन् हौदात उतरले. चालले नाही. सरळ त्या कोपऱ्यात गेले. म्हटलं, साकु. पुरे झालं आता. अन् दांडी सोडली."

वीरण्णाला वाटलं, आपण ओसरीवर नाही. आपण कुठंतरी खाली आहोत आणि हे सगळं वरून ऐकू येतंय.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. पण बुडायलासुद्धा जमावं लागतं की हो. बापाच्या विहिरीत पाच वर्षांची असताना पाठीला भोपळे बांधून पोहायला शिकलेलं अंग हे. मी खाली जायचं म्हणते, अन् हात आपले पाणी मारून राहिलेत! नाकात पाणी गेलं, ठसका लागला, तोंड वर आलं. इतका राग आला मला माझा. परत पाय टेकले अन् रागानं टाच आपटली खाली. तर दुखलंच नाही."

"दुखलं नाही?"

"नाही ना. गळ्याइतक्या पाण्यात अंगाला वजनच नसतं. चालताना मी कमरेइतक्या पाण्यात चालायची, तिथं दुखायचं. कोपऱ्यात कधी गेलेच नव्हते, तुमच्या पोरानं भीती घातली म्हणून. मी परत टाच आपटली. नाही दुखली. मग…" इथं तिला पुन्हा हसू फुटलं. "मग मी गिरकी घेतली. दांडीला एक हात धरून, टाचेवर. आधी एक. मग दुसरी. मग रडतच घेत राहिले. केस ओले, डोळे लाल, अन् तुम्ही दारात उभे. काय सांगणार तुम्हाला? बुडायला गेले होते त्याची भीती वाटली, अन् गिरक्या घेत होते त्याची लाज वाटली. म्हटलं, औषध गेलं डोळ्यात."

"अन् मग रोज?"

"मग रोज. आधी चालायचं, डॉक्टरांचं. मग माझं. एका हातानं फुगडी." तिनं वाकडा हात वर करून हवेत अर्धं वर्तुळ काढलं. "त्या दिवसानंतर तसलं मनात आलं नाही, रीऽ. शपथ. तिथं जायचं ते खेळायलाच जायचं."

एकाच वेळी त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला हसूही येत होतं. त्यानं दोन्ही दाबून धरलं, आणि तोंडातून भलताच प्रश्न निघाला, सकाळपासून जो त्याला पोखरत होता तो.

"मग पाणी का देऊन टाकलंस?"

गौरम्मानं त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "लोकांना पाणी नव्हतं," ती म्हणाली.

इतकं सोपं होतं ते. आणि सोपं होतं म्हणूनच ते आता त्याच्या अंगावर आलं. ती काठावर खुर्ची टाकून बसायची तेव्हा घागरी-घागरींनी तिचं काय निघून चाललं होतं, हे त्या फाटकातून येणाऱ्या एकाही बाईला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. तिला माहीत होतं, आणि ती बसून बघत होती, आणि शांतम्माच्या सुनेला सांगत होती की बादली अर्धीच भर, जड होईल. नंतरचं वर्षभर तिनं मागितलं नाही, कारण लोक काय म्हणतील हे तोंडानं तो म्हणत होता आणि ती ऐकत होती.

"तू म्हणायचंस तरी, भरा म्हणून."

"तुम्ही विचारायचं होतं," ती म्हणाली. रागावून नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी. मग म्हणाली, "मला बघायचाय तो खड्डा."

तिला हौदात उतरवणं म्हणजे एक सोहळाच झाला. शिडीच्या खाली ग्यानोबा, वर वीरण्णा, आणि मध्ये ती, एकेका पायरीवर 'अय्यो' करत. खाली पोचल्यावर ती दांडीला धरून आपल्याच वाटेकडं बघत राहिली.

"एवढं वाकडं चालते मी?"

"डावा पाय बाहेर पडून राहिला बाई," ग्यानोबा म्हणाला.

"तरीच चपला एकाच बाजूनं झिजतात." ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिनं कोरड्या खड्ड्यात टाच ठेवून पाहिली. ती बरोबर बसली. क्षणभर ती दांडी घट्ट धरून उभी राहिली, आता गिरकी घेणार अशी, पण कोरड्यावर गुडघ्यानं नकार दिला आणि ती कळवळली. वीरण्णा पुढं झाला आणि त्यानं तिला कोपराला धरलं. ती ग्यानोबाला म्हणाली, "करून टाक सपाट. नाहीतर कागद फाटेल म्हणतोस ना?"

वीरण्णाला ते नको होतं. निदान आजचा दिवस राहू दे, असं त्याच्या ओठांवर आलं. पण तिचं लक्ष आता खड्ड्याकडं नव्हतंच. ती ग्यानोबाला विचारत होती की पाणी भरायला किती दिवस लागतील. मग वीरण्णानंच पाटीभर चाळलेली वाळू ओतली, पाणी शिंपडलं आणि तळहातानं तो खड्डा थापला, कडेपासून आत आत, सगळा भरेपर्यंत. ग्यानोबानं त्यावरून रंधा ओढला आणि लेव्हल लावून बघितली. सपाट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर नवं अस्तर उन्हात पसरलं. हैदराबादेहून मापानं शिवून आलेलं, जुन्यापेक्षा जरा फिकट निळं. ग्यानोबा म्हणाला, गारठ्यात हे ताठ राहतं, ऊन लागलं की लोण्यावानी होतं. फाल्गुनाचं ऊन दोन तासांत पुरं झालं. दोघांनी ते खाली नेलं, काठाच्या खाचेत त्याची किनार बोटानं दाबत दाबत चौफेर बसवली. हे काम वीरण्णाला जन्मभराचं असावं तसं जमलं. किनार कुठं ओढ घेते, कुठं ढिली पडते, हे त्याला हाताखाली कळत होतं आणि ग्यानोबा "वा मालक" म्हणत होता. अस्तराच्या मागची हवा मशीन लावून ओढून काढली तसं ते एकदम भिंतीला, तळाला चिकटलं. मग बोअर सुरू केला. घोट्याएवढं पाणी झालं की तळाच्या सुरकुत्या पायानं काढायच्या असतात. पाणी वाढलं की त्या निघत नाहीत. ग्यानोबानं मधून सुरुवात केली आणि वीरण्णाही उतरला. अनवाणी, धोतर गुडघ्याच्या वर, तळव्यानं सुरकुती भिंतीकडं ढकलत. पाणी गार होतं आणि खाली वाळू लाडवासारखी दबत होती. काठावर खुर्चीतून गौरम्मा सांगत होती, "तिकडं एक राहिली. अवो, तुमच्या मागं." फाटकातून शांतम्मा डोकावली. वीरण्णा आहे त्या जागी थिजला, धोतर हातात धरून.

"भरायला घेतला एकदाचा?" शांतम्मा म्हणाली. "मी म्हणतच होते, गौरम्माचं पाणी आपण वापरलं, आता हिच्या पायांचं काय. माझे गुडघे पण आजकाल लई बोलायलेत बघा."

"मग येत जा की," गौरम्मा म्हणाली. "दोघी चालू."

ग्यानोबा त्या संध्याकाळी नांदेडच्या गाडीनं गेला. जाताना खोल कोपऱ्यात दांडीला एक जाड सुती दोरी बांधून गेला, न सांगता.

हौद चौथ्या दिवशी भरला. दहा वाजता वीरण्णा दुकानात गेला नाही. त्यानं किल्ल्या नोकराकडं पाठवल्या, जुनं धोतर नेसलं, गळ्यातली करडगी पाठीवर टाकली आणि हौदाच्या काठावर येऊन उभा राहिला. गौरम्मा आधीच शिडीवर होती. पहिल्या पायरीला तिचा चेहरा रोजचा होता, आवळलेला, दात दाबलेला. दुसरीलाही. पाणी कमरेला लागलं तशी कपाळावरची आठी सैल झाली. छातीला लागलं तसं तिनं तोंड जरासं उघडलं आणि सगळं अंग कुणाच्या तरी हवाली केल्यासारखा लांब श्वास सोडला. वीरण्णानं हा चेहरा ओळखला. गोलाईच्या दिव्यांखाली पाहिला होता. हा चेहरा घरात रोज दहा वाजता असायचा, आणि वीरण्णाच इथं नसायचा.

"या की," ती म्हणाली. "बर्री."

तो उतरला. मुरुडच्या कोरड्या मुलखातल्या माणसाला कमरेच्या वर पाणी म्हणजे संकटच. धोतरात हवा शिरली आणि ते भोपळ्यासारखं फुगून वर आलं. गौरम्मा इतकी हसली की तिला दांडी धरावी लागली. दांडीला धरून धरून तो खोल कोपऱ्यापर्यंत आला. पाणी त्याच्या छातीपर्यंत पोचलं आणि त्यानं दांडी दोन्ही हातांनी धरली. तिनं आधी त्याला दाखवलं. एक हात दांडीला, एक हवेत, आणि टाचेवर भर देऊन ती फिरली. पाण्यात पदर तिच्याभोवती गुंडाळला, सुटला, पुन्हा गुंडाळला. वेदनेचं नाव नाही. तीन, चार. मग थांबून, धापा टाकत, ती त्याच्यापुढं आली.

"आता तुम्ही."

"मला नाही यायचं."

"गिरकी नको. नुसतं उताणं व्हा. मी खाली हात धरते. दांडी सोडा."

"सोडली की."

"एकच सोडलाय."

त्यानं दुसरा हात सोडला. लगेच धरला. पुन्हा सोडला. तिच्या एका तळव्याचा टेका त्याच्या पाठीला लागला आणि दुसऱ्याचा मानेखाली. त्याच्या टाचा नव्या अस्तरावर घट्ट रुतून बसल्या होत्या. नाकात त्या औषधाचा तिखट वास शिरला.

"बिड्री," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "सोडा हो पाय. किती धरून ठेवाल?"

त्यानं डोळे मिटले आणि पाय सोडले. कानांत पाणी शिरलं, जगाचा आवाज बंद झाला, आणि पडतो पडतो म्हणेपर्यंत तो पडलाच नाही. बराच वेळ पडला नाही. त्यानं हळूच डोळे उघडले. वर पत्रा होता, त्यावर पाण्याच्या उजेडाच्या जाळ्या हलत होत्या, आणि त्यात उलटा दिसणारा गौरम्माचा चेहरा.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला डोक्याच्या आतून आल्यासारखा ऐकू आला.

"काही नाही," ती म्हणाली. "पडून राहायचं."